फुकटचा वकील, पाचपैकी चार

"फुकटचा वकील म्हणजे रेशनचा तांदूळ," असं आमच्याकडं म्हणतात. मीही म्हणायचे. साठ हजार रुपये घालवून झाल्यावर बंद केलं.

हा रिव्ह्यू मोफत विधी सेवेचा आहे, म्हणजे सरकारी खर्चानं मिळणाऱ्या वकिलाचा. कामही साधं नव्हतं. खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झालेल्या माझ्या धाकट्या भावासाठी सुप्रीम कोर्टात अपील करायची परवानगी मागायची होती. मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. नोंदवही ठेवायची सवय हाडात मुरलेली, त्यामुळं खालच्या तारखा आठवणीतून लिहिलेल्या नाहीत, वहीतल्या आहेत.

आधी केस थोडक्यात, नाहीतर पुढचं कळणार नाही. २४ मे २०१६. कॅनॉलच्या पाण्याची पाळी कुणाची यावरून बांधावर भांडण झालं. समोर भावकीतलेच चुलते. बारक्याच्या, म्हणजे माझ्या भावाच्या, हातात खोरं होतं, पाणी वळवत होता तो. डोक्यात दांड्याचा एक घाव बसला आणि चुलते पाचव्या दिवशी दवाखान्यात वारले. आमचा मुलगा देवमाणूस होता वगैरे मी लिहिणार नाही. घरातला कर्ता माणूस गेलाय. त्यांची नात माझ्याच अंगणवाडीत येते, दर महिन्याला तिचं वजन मीच करते. तिची आई तिला दारात सोडते आणि माझ्याकडं न बघता निघून जाते. तिनं बघावं असं मला म्हणताही येत नाही.

सेशन कोर्टानं कलम ३०२ खाली जन्मठेप दिली. हायकोर्टातलं अपील २० मार्च २०२४ ला फेटाळलं गेलं. तेव्हा आमच्या भागाचं हायकोर्ट म्हणजे मुंबई. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघायचं, सकाळी सीएसएमटीच्या वेटिंग रूममध्ये तोंड धुवायचं आणि कोर्टात जायचं. आता १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय. सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, या सहा जिल्ह्यांच्या लोकांची ती रात्र वाचली. आमच्या कामाची नाही, पण दुसऱ्यांची वाचली हे काय कमी आहे.

हायकोर्टानं नाही म्हटल्यावर मला वाटलं होतं की तसंच वरच्या कोर्टात जायचं. इथं पहिली ठेच लागली. सेशन कोर्टाच्या शिक्षेवर हायकोर्टात जाणं हा आरोपीचा हक्क असतो, तिथं परवानगी लागत नाही. सुप्रीम कोर्टाचं तसं नाही. खालच्या कोर्टानं सोडलेल्या माणसाला हायकोर्टानं उलटवून फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं अगर त्याहून जास्त शिक्षा दिली असेल, तर तिथंही हक्कानं जाता येतं. आमच्यासारख्यांनी, ज्यांना दोन्ही कोर्टांनी दोषी धरलंय, आधी दार वाजवून विचारायचं: आत येऊ का? त्या अर्जाला विशेष अनुमती याचिका म्हणतात, वकिलांच्या तोंडी एसएलपी. राज्यघटनेचं कलम १३६. ही परवानगी सरसकट द्यायची नाही, खास कारण असेल तरच द्यायची, हे सुप्रीम कोर्टानं १९५० सालीच प्रीतम सिंग यांच्या खटल्यात सांगून ठेवलंय. म्हणजे "पुन्हा सगळे साक्षीदार तपासा" म्हणून तिथं उभं राहण्यात अर्थ नसतो. जजसाहेबांच्या डोळ्यांना एका नजरेत बोचेल अशी एक गोष्ट दाखवावी लागते.

हे मला कुणी सांगितलं? फुकटच्या वकीलबाईंनी. पैसे घेणाऱ्यांनी सांगितलं नव्हतं.

पैसे घेणाऱ्यांचं नाव, गाव काही लिहीत नाही. ओळखीतून गेलो होतो. "दिल्लीत आपली माणसं आहेत, साडेतीन लाखात काम होईल, आधी साठ टाका." आईच्या पाटल्या मोडल्या आणि साठ टाकले. हायकोर्टाच्या निकालापासून ९० दिवसांत याचिका दाखल करायची असते हे त्यांनी सांगितलं, पण जूनमध्ये, मुदत संपायला आठवडा राहिला तेव्हा, आणि तेही उरलेले पैसे मागण्यासाठी. मी म्हटलं, "साहेब, सोसायटीचं कर्ज मंजूर होईपर्यंत थांबा." ते थांबले. फाईल पण थांबली. ऑक्टोबर उजाडला. शेवटी मी फाईल परत मागितली तेव्हा वर हायकोर्टाच्या निकालाची प्रत आणि खाली इंग्रजीत टाईप केलेली चौदा पानं निघाली. त्या चौदा पानांवर पुढं येते.

१५१०० हा नंबर मला कोर्टाच्या जिन्यातल्या बोर्डावर दिसला. आठ वर्षं तोच जिना चढत-उतरत होते, बोर्ड कधी वाचला नव्हता. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाईन. फोन लावला ती तारीख १४ ऑक्टोबर २०२४. त्याच महिन्यात २३ तारखेला सुप्रीम कोर्टानं कैद्यांच्या विधी सेवेबद्दल मोठा निकाल दिला. तुरुंगातले विधी सेवा कक्ष नीट चालवा, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, पोस्ट, पोलीस ठाणं अशा ठिकाणी स्थानिक भाषेत बोर्ड लावा, असं त्यात आहे. निकाल देणाऱ्या खंडपीठावर आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती गवई होते. बोर्डाचं महत्त्व मला त्यांनी सांगायची गरज नाही.

फोनवरच्या माणसानं मला पहिला प्रश्न विचारला: "भाऊ आत आहेत का बाहेर?" आत, म्हटलं. "मग उत्पन्नाचा दाखला काढू नका." मी तर तलाठ्याकडं जायच्या तयारीत होते. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात कलम १२ आहे. जो माणूस कोठडीत आहे त्याला उत्पन्न किती हे न बघता मोफत वकील मिळतो. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांनाही तसाच. हे वाक्य पाठ करून ठेवा, कारण मधल्या टेबलावरचा कुणी ना कुणी दाखला मागतोच. आम्हाला मागितला. मी वहीतलं कलम वाचून दाखवलं. "बरं बरं, ठेवा," म्हणाले.

कैद्याचा अर्ज तुरुंगातून जातो. कैद्यानं सांगायचं की मला सुप्रीम कोर्टात जायचंय आणि वकील करायची ऐपत नाही. मग वकीलपत्रावर त्याची सही, त्याखाली अधीक्षकांची सही-शिक्का, प्रतिज्ञापत्र, किती दिवस शिक्षा भोगली त्याचा दाखला आणि दोन्ही कोर्टांच्या निकालांच्या प्रती जोडायच्या. एवढंच. पण या एवढ्यालाच आमचे पाच आठवडे गेले. वकीलपत्र एकदा शिक्क्याविना आलं. परत पाठवलं, तर शिक्का होता पण बारक्याची सही दुसऱ्याच रेघेवर. कुठला तुरुंग ते लिहीत नाही, त्याला अजून तिथंच राहायचंय. मुलाखतीच्या जाळीपलीकडून मी त्याला विचारलं, "आरं, रेघ दिसली नाही व्हय?" तर म्हणाला, "अक्का, चष्मा फुटलाय दिवाळीत." हे त्यानं मला दोन महिने सांगितलं नव्हतं. मी रेघेवरून ओरडत होते.

निकालाची प्रत मिळवण्याबद्दल एक गोष्ट वकीलबाईंनी नंतर सांगितली, ती इथंच सांगते. १९७८ सालचा महाराष्ट्रातलाच खटला आहे, होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. विद्यापीठात शिकवणारा माणूस, बनावट पदव्यांच्या प्रकरणात शिक्षा झालेला. सुप्रीम कोर्टात चार वर्षांहून जास्त उशिरा पोचला आणि म्हणाला, मला निकालाची प्रतच मिळाली नव्हती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निमित्तानं सांगितलं की तुरुंगातल्या माणसाला निकालाची प्रत वेळेत आणि फुकट मिळाली पाहिजे, आणि ऐपत नसेल तर अपिलासाठी वकील मिळाला पाहिजे. त्या गृहस्थांची स्वतःची याचिका मात्र फेटाळली गेली. त्यांना काही मिळालं नाही आणि आमच्यासारख्यांना सगळं मिळालं. तुमच्याकडं कुणी प्रतीचे पैसे मागितले तर हे नाव सांगा.

जानेवारीत दिल्लीहून फोन आला. सुप्रीम कोर्टात कुणीही वकील याचिका दाखल करू शकत नाही, त्यासाठी ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड लागतो. त्यांची वेगळी परीक्षा असते आणि ऑफिस कोर्टापासून १६ किलोमीटरच्या आत असावं लागतं. विधी सेवा समितीच्या पॅनेलवर असे वकील असतात, त्यांतल्या एक बाई आम्हाला मिळाल्या. हिंदी बोलणाऱ्या, वयानं माझ्याएवढ्या. पहिल्याच फोनमध्ये म्हणाल्या, "दीदी, मैंने पूरी फाईल पढ़ी है." मी गप्प. आठ वर्षांत हे वाक्य मला पहिल्यांदा ऐकायला मिळालं. मग त्यांनी विचारलं, "पानी की पाली मतलब क्या?"

आता ती चौदा पानं.

सुप्रीम कोर्टात मराठी कागद चालत नाही, सगळं इंग्रजीत भाषांतर करून लावावं लागतं. पैसे घेणाऱ्या वकिलांनी ते कुठल्याशा टायपिंगच्या दुकानातून करून घेतलं होतं, आणि दुकानानं, मला खात्री आहे, मोबाईलमधून. चुलत्यांनी दवाखान्यात दिलेला मृत्यूपूर्व जबाब हा आमच्या केसचा गाभा. तो मी इतक्यांदा वाचलाय की डोळे मिटून सांगेन: "पाण्याच्या पाळीवरून बांधावर बोलाचाली झाली. मी त्याला ढकललं. त्यानं हातातला खोऱ्याचा दांडा माझ्या डोक्यात घातला आणि तो तिथंच उभा राहिला." साधं आहे. आमच्याकडचं शेंबडं पोरही समजेल.

त्या चौदा पानांत बांधाचा 'डॅम' झाला होता. म्हणजे दिल्लीच्या जजसाहेबांसमोर आमचं भांडण कोयनेच्या भिंतीवर. पाण्याची पाळी म्हणजे 'वॉटर शिफ्ट', जसं काही दोघं कारखान्यात कामाला होते. दांडा डोक्यात घातला याचं झालं होतं दांडा डोक्यावर 'वोअर', म्हणजे परिधान केला, टोपी घालतात तसा. इथपर्यंत वकीलबाई आणि मी फोनवर हसलो, मला तर हसताना रडू आलं. मग त्या म्हणाल्या, "दीदी, अब दो चीज़ें हँसने की नहीं हैं."

पहिली गोष्ट: "मी त्याला ढकललं" याचं भाषांतर "त्यानं मला ढकललं" असं झालं होतं. ढकलणारा माणूसच बदलला. दुसरी: 'हातातला' हा शब्द गायब होता. नुसतंच, त्यानं दांडा आणून मारला. 'आणून'. मूळ जबाबात आणलं-बिणलं काही नाही. पाणी वळवणाऱ्या माणसाच्या हातात खोरं असतंच, ते आणायला कुठं जावं लागत नाही.

एवढ्याशा शब्दानं काय होतं? भारतीय दंड संहितेत कलम ३०० ला अपवाद आहेत, त्यांतला चौथा अचानक झालेल्या भांडणाचा. आधी काही ठरवलेलं नाही, भांडण एकाएकी जुंपलं, रागाच्या भरात घाव बसला, मारणाऱ्यानं गैरफायदा घेतला नाही की क्रूरपणा केला नाही, तर तो कायद्याच्या भाषेत खून नव्हे, सदोष मनुष्यवध. मग कलम ३०२ जातं आणि ३०४ येतं. त्याच्या पहिल्या भागात जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत, दुसऱ्या भागात जास्तीत जास्त दहा वर्षं. (१ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली आणि ३०२ चं १०३ झालं, पण गुन्हा २०१६ चा, म्हणून आमच्या कागदांवर जुनेच आकडे.) चुलत्यांनी आधी ढकललं, खोरं हातातच होतं, घाव एक, आणि मारणारा पळाला नाही, तिथंच उभा राहिला. हे चारही धागे मरणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या जबाबात आहेत. टायपिंगच्या दुकानानं त्यातले दोन कापले होते आणि तो कागद पुढं जाणार होता, आमच्या साठ हजारांत.

समितीकडं भाषांतरकार असतात, ते काम तिथंच झालं, त्याचाही पैसा लागला नाही. पण जबाबाची दीड पानं वकीलबाईंनी मला पाठवली आणि म्हणाल्या, गावाकडची बोली जाणणाऱ्या, कोर्टाचं इंग्रजी येणाऱ्या कुणाला तरी दाखवा. त्यांच्या ऑफिसात नांदेडचा एक मुलगा शिकत होता, पण तोही 'घातला' वर अडखळला. त्याच्याकडं 'हाणला' म्हणतात म्हणे. आमच्या तालुक्यात एक निवृत्त शिरस्तेदार आहेत, पंचाहत्तरीचे. गेले त्यांच्याकडं. सोप्यात बसून त्यांनी दीड पानाला अडीच तास लावले. 'हातातला' पाशी थांबले आणि म्हणाले, "बाई, इथं 'विथ द हँडल' एवढं लिहून भागत नाही. 'व्हिच वॉज ऑलरेडी इन हिज हँड' पाहिजे." मग स्वतःशीच पुटपुटले, "ऑलरेडी मूळ जबाबात नाही. ते काढा. 'व्हिच वॉज इन हिज हँड.' नसलेलं घालायचं नाही." आमच्या फायद्याचा शब्द त्यांनी खोडला. मला वाईट वाटलं, मग पटलं. पैसे घेतले नाहीत. पुढच्या गुरुवारी मी शेंगदाण्याचे लाडू देऊन आले.

उशिराचं ओझं होतंच. ९ एप्रिल २०२५ ला याचिका दाखल झाली, ९० दिवसांच्या मुदतीनंतर २९५ दिवस. त्यासाठी उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज करावा लागतो आणि मधल्या काळात काय झालं याची कारणं द्यावी लागतात. इथं माझी नोंदवही कामाला आली. कुठल्या तारखेला कुणाला भेटले, कुणी काय सांगितलं, पैसे कधी दिले, वकीलपत्र कधी परत आलं, सगळं होतं. वकीलबाई म्हणाल्या की असा तक्ता सहसा मिळत नाही, लोक 'आजारी होतो' लिहून मोकळे होतात. मी म्हटलं, बालकांच्या वजनाचा तक्ता करून करून सवय झालीय. दाखल केल्यावर काही डिफेक्ट निघाले, कागद पुसट, कडेची अक्षरं कापलेली. ते माझंच पाप. झेरॉक्सचे पैसे वाचवायला मी मोबाईलवर फोटो काढून पाठवले होते. पैसे वाचवायची ही जागा नाही, एवढंच सांगते.

पहिली सुनावणी २१ जुलै २०२५, सोमवार. नवीन प्रकरणं सहसा सोमवारी आणि शुक्रवारी लागतात. घरच्यांनी दिल्लीला जायची काहीच गरज नसते, वकीलबाईंनीही तसंच सांगितलं. पण आई म्हणाली, "एकानं तरी जाऊन हुबं ऱ्हावं." मिरजेहून गोवा एक्स्प्रेसनं गेले, दोन रात्री. आत जायचा पास मोबाईलवर निघतो, पोर्टलचं नाव 'सुस्वागतम'. त्या इमारतीच्या दारात हे नाव वाचून कसंसंच झालं, पण पास पटकन मिळाला हे खरं. मेट्रोच्या स्टेशनचं नावच 'सुप्रीम कोर्ट' आहे, पूर्वीचं प्रगती मैदान. त्यामुळं चुकायचा प्रश्न नाही.

आत गेल्यावर बोर्डावर नुसते आकडे पळत होते. आमचा नंबर ३१. सव्वीसपर्यंत मी मोजलं, मग पाठोपाठ तीन-चार प्रकरणं अशी भराभर गेली की मला वाटलं आमचंही गेलं. बहुतेकांना एकच शब्द मिळत होता, 'डिसमिस्ड'. माझ्या शेजारी उभी असलेली एक म्हातारी वकिलाकडं बघून हातानंच विचारत होती, काय झालं? आणि वकील खाली बघत होता.

आमच्या बाई उठल्या आणि सरळ म्हणाल्या, "पेज फॉर्टी-टू, मायलॉर्ड्स, डाईंग डिक्लरेशन." पान उलटल्याचा आवाज मला ऐकू आला, निदान तसं वाटलं. एका जजसाहेबांनी विचारलं, "हाऊ मेनी ब्लोज?" "वन." "कस्टडी?" "नऊ वर्षं दोन महिने," हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं, मी मनात मराठीत. मग दोघं जज एकमेकांशी काहीतरी हळू बोलले. उशीर माफ. नोटीस काढा, म्हणजे समोरच्यांना बोलवा, पण फक्त गुन्ह्याचं स्वरूप काय एवढ्या प्रश्नापुरती. म्हणजे बारक्यानं मारलं की नाही हे आता कुणी ऐकणार नाही. तो खून की सदोष मनुष्यवध, तेवढंच ऐकणार. सगळं मिळून चार मिनिटं. मी घड्याळ बघितलं होतं.

बाहेर आल्यावर मी वकीलबाईंना विचारलं की पूर्ण निर्दोष का नाही मागितलं? त्यांनी जे सांगितलं त्याचा मतितार्थ असा, की दार जेवढं उघडेल असं दिसतंय तेवढंच ढकलावं. सगळं मागितलं असतं तर बेचाळीसावं पान कुणी उघडलं नसतं. मला तेव्हा ते थोडं कमी वाटलं. दोन रात्रींच्या परतीच्या प्रवासात जास्त विचार केला आणि त्यांचं बरोबर आहे असं ठरवलं. माझा धाकटा दीर अजून ठरवत नाही. त्याचं म्हणणं, पैशाचा वकील असता तर भांडला असता. त्याला मी ती चौदा पानं वाचायला दिलीत. अजून परत आली नाहीत.

१७ नोव्हेंबरला 'लीव्ह ग्रँटेड' झालं. परवानगी मिळाली, याचिकेचं अपील झालं, अपिलाला नवा नंबर पडला. जामिनाचा अर्ज लावलाय, तो अजून ऐकला गेलेला नाही. मुलाखतीत मी बारक्याला सांगितलं. नवा चष्मा लावून बसला होता.

"म्हंजी सुटलो?"

"न्हाई. म्हंजी आता ऐकून घेणार."

"मग मागली नऊ वर्षं काय करत हुते?" त्याच्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी त्याला अर्जाचा नंबर पाठ करायला लावला.

तर पाचपैकी चार. वकीलबाईंना पाच, त्यांच्याबद्दल माझी एकच तक्रार: संध्याकाळी सातनंतर फोन उचलत नाहीत, आणि ती तक्रार आहे की माझी सवय हे मला ठरवता येत नाही. एक स्टार कापलाय तो मधल्या टेबलांसाठी. शिक्का, रेघ, मग परत शिक्का. अर्ज तुरुंगातून निघून दिल्लीच्या वकिलाच्या हातात पडेपर्यंत तो नेमका कुठं आहे हे घरच्यांना कळायला काहीच सोय नव्हती. मी दर सोमवारी फोन करत होते, तर दर सोमवारी नवीन माणसाला पहिल्यापासून सांगावं लागायचं. पॅनेलवरचे सगळेच वकील असे भेटतील असंही मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट तपासता येते. पहिल्या फोनला विचारा, "जबाब वाचला का?" आणि पैसे मागितले तर देऊ नका, या कामात वकिलानं पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. मागितलाच तर लेखी तक्रार करा.

साठ हजारांतले पंचवीस परत मिळालेत, तीन हप्त्यांत. चौथ्याचा चेक पंधरा तारखेचा आहे, वटला की आईच्या पाटल्यांकडं बघू.

तांदळाबद्दल राहिलंच. रेशनचा तांदूळ आमच्या घरात रोज शिजतो. निवडून घ्यावा लागतो, भात चांगला होतो.